स्वतःच दिलेला दाखला सरकारने पुन्हा मागू नये

जून उजाडला की सेवा केंद्रांबाहेर रांगा लागतात. निकाल लागलेले असतात, प्रवेशाच्या तारखा अंगावर येत असतात आणि प्रत्येक घराला उत्पन्नाचा, नॉन-क्रिमीलेयरचा नाहीतर अधिवासाचा दाखला तातडीने हवा असतो. पोर्टल अडखळतं आणि 'सर्व्हर वाढवा' अशी ओरड होते. सर्व्हर वाढवायलाच हवेत. पण खरं दुखणं अर्जाच्या रचनेत आहे, आणि त्यावर फारसं कुणी बोलत नाही.

नॉन-क्रिमीलेयरचा अर्ज घ्या. 'आपले सरकार' पोर्टलवर तो भरताना जातीचा दाखला जोडायचा, जो उपविभागीय अधिकाऱ्यांनी दिलेला असतो. तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला जोडायचा, जो तहसीलदारांनी दिलेला असतो, आणि तोही बहुतेक वेळा याच पोर्टलवरून. अर्ज निकाली काढणार पुन्हा महसूल विभागच. म्हणजे एकाच विभागाची कागदपत्रं त्याच विभागाच्या एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेण्याची हमाली नागरिकाने करायची, फक्त आता ती स्कॅनरवरून करायची.

या हमालीत दाखल्याचं नेमकं काय होतं ते बघा. तहसीलदारांच्या लॉगिनमधून निघालेल्या पीडीएफवर डिजिटल स्वाक्षरी असते. फाइलमधलं एक अक्षर जरी बदललं तरी ती स्वाक्षरी मोडते आणि बदल लपत नाही. तिचं सगळं मोल एवढ्यातच आहे. पण केंद्रावर त्या पीडीएफची प्रिंट निघते, प्रिंट स्कॅन होते आणि स्कॅनची जेपीजी अपलोड होते. त्या क्षणी स्वाक्षरी संपली. उरलं ते स्वाक्षरीचं चित्र, जे कुणालाही दोन मिनिटांत बनवता येतं. मग पडताळणी करणारा कारकून त्यावर विश्वास ठेवत नाही आणि मूळ प्रत घेऊन या म्हणतो. त्याचं काही चुकत नाही. तपासता येणारा पुरावा आपल्याच व्यवस्थेने वाटेत मोडून टाकलेला असतो.

त्यात फाइलच्या आकाराची अट. फोटो 5 ते 20 केबी, कागदपत्रं 75 ते 500 केबी. कमाल मर्यादा समजू शकते. पण किमान 75 कशासाठी? धूसर स्कॅन येऊ नयेत म्हणून घातलेली ती अट असावी, आणि ती स्कॅन डोळ्यांसमोर ठेवूनच घातलेली दिसते. स्वच्छ, मूळ, डिजिटल स्वाक्षरीची पीडीएफ अनेकदा त्याहून लहान असते, म्हणून ती नाकारली जाते. तिची प्रिंट काढून स्कॅन केली की फाइल फुगते आणि स्वीकारली जाते. अस्सल कागद बाहेर आणि त्याची नक्कल आत, हा त्या एका अटीचा परिणाम.

यावर उपाय नवा नाही आणि महागही नाही. प्रत्येक दाखल्यावर बारकोड असतो, त्याखाली क्रमांक असतो आणि त्या क्रमांकावरून दाखला पडताळण्याची सोय पोर्टलवर आहेच. अर्जात फाइल जोडायच्या चौकटीऐवजी त्या क्रमांकाची चौकट ठेवा. क्रमांक टाकला की यंत्रणेने मूळ नोंदीतून नाव, उत्पन्नाची रक्कम, वर्ष आणि दाखल्याची मुदत स्वतः उचलावी. अर्जदाराने ओटीपी देऊन संमती द्यावी, आणि कोणत्या कार्यालयाने कोणती नोंद कधी पाहिली ते त्याला पुढे केव्हाही दिसावं. एस्टोनियात 2001 पासून एक्स-रोड नावाची देवाणघेवाणीची व्यवस्था याच तत्त्वावर चालते. एकच माहिती गोळा करायला वेगळा डेटाबेस उभारायला तिथल्या कायद्यात बंदी आहे. आपल्याकडे डिजिलॉकरमधल्या कागदपत्रांना मूळ प्रतीचा दर्जा देणारा नियम 2017 पासून आहे. तरी त्याच कागदाची छायांकित प्रत मागणारी कार्यालयं कमी नाहीत.

आता अडचणींकडे वळतो, कारण 'जोडून टाका' म्हणणं सोपं आहे.

सगळ्यात मोठी अडचण नावांची. सातबारावर मराठीत एक नाव, आधारवर इंग्रजीतून लिप्यंतर झालेलं दुसरं, शाळेच्या दाखल्यात आडनाव आधी. त्याच्याही खाली एक अडचण आहे, जी पडद्यावर दिसतच नाही. 'कऱ्हाडे' हे आडनाव युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, दोन तऱ्हांनी टाइप होतं: एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आणि पुढे हलन्त, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही अगदी सारखी दिसतात, संगणकाला ती दोन वेगळी नावं वाटतात. 'ॲ'चंही तेच. युनिकोडचं ठरलेलं प्रमाणीकरण या जोड्या एक करत नाही, त्यासाठी मराठीचा स्वतंत्र नियम लिहावा लागतो. तो एकदा लिहून सगळ्या विभागांना सक्तीचा करणं हे मोठं काम नाही, पण प्रत्येक विभागाचा कंत्राटदार वेगळा असल्यामुळे ते कुणाचंच काम ठरत नाही. ॲग्रिस्टॅक या शेतकऱ्यांच्या डिजिटल नोंदींच्या व्यवस्थेत शेतकरी ओळख क्रमांक काढताना आधार आणि सातबारा यांच्या नावांचा मेळ घातला जातो, तिथेही अशा फरकांची किंमत शेतकरीच मोजतो.

दुसरी अडचण जुन्या दाखल्यांची. हाताने लिहिलेल्या जातीच्या दाखल्याला बारकोड नाही. त्यासाठी सगळं दप्तर एकदम संगणकात आणायची गरज नाही. असा दाखला पहिल्यांदा वापरात आला की मूळ नोंदवहीवरून एकदाच पडताळावा आणि तेव्हाच त्याला क्रमांक द्यावा. पुढच्या वेळी फक्त क्रमांक.

तिसरी, जोडणी बंद पडण्याची. समोरच्या विभागाचा सर्व्हर बंद असला तर अर्ज 'त्रुटी' म्हणून परत जाता कामा नये. तो रांगेत थांबावा, यंत्रणेने दर तासाला पुन्हा विचारणा करावी, आणि दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर तो माणसाच्या टेबलावर जावा. आपल्या फॉर्ममध्ये आज असा टप्पाच नसतो.

मोबाइल क्रमांकाचंही सांगायला हवं. गडबडीत केंद्रचालक बरेचदा अर्जात स्वतःचाच क्रमांक टाकतात, म्हणजे ओटीपीसाठी थांबावं लागत नाही. मग त्रुटीचा संदेश त्यांच्याच फोनवर येऊन हरवतो आणि अर्जदार वाट पाहत बसतो. एकाच क्रमांकावर ठरावीक मर्यादेपलीकडे अर्ज घेऊ नयेत, एवढी तपासणी टाकली तरी हे बरंच थांबेल.

यातून कायद्याचा प्रश्न येतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 मध्ये आला. त्याने प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत घातली आणि विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. कायदा चांगला आहे. पण मुदत मोजली जाते ती सर्व बाबतीत परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून. मुदत संपत आली असताना 'कागदपत्र अस्पष्ट' असा शेरा मारून अर्ज परत गेला की घड्याळ शून्यावर. अस्पष्ट कोण, तर त्याच विभागाने दिलेल्या दाखल्याचा स्कॅन! फाइलच्या जागी क्रमांक आला की हा शेराच मारता येणार नाही, आणि कायद्याची मुदत खऱ्या अर्थाने लागू होईल. म्हणून मला हा बदल नव्या ॲपपेक्षा आणि चॅटबॉटपेक्षा फार महत्त्वाचा वाटतो.

पुढच्या निविदांमध्ये 'किती सेवा ऑनलाइन झाल्या' हा निकष ठेवू नका. किती सेवांमधून किती कागद मागणं बंद झालं ते मोजा, आणि कंत्राटदाराचं बिल त्यावर काढा. सुरुवात महसूल विभागाच्या आतल्या दाखल्यांपासून करा. तिथे दुसऱ्या विभागाची परवानगीही लागत नाही.

तोवर, ज्यांना या हंगामात दाखला काढायचा आहे त्यांनी मूळ पीडीएफ जपून ठेवा, प्रिंटवर विसंबू नका. पीडीएफ उघडल्यावर स्वाक्षरीवर पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं तर बहुतेक वेळा दाखला खोटा नसतो. भारताच्या मूळ प्रमाणपत्रावर तुमच्या संगणकाचा विश्वास अजून नोंदवलेला नसतो. संगणकावर ॲक्रोबॅटमध्ये स्वाक्षरीवर उजवं क्लिक करून तिच्या तपशिलात जा, प्रमाणपत्र उघडा, त्यातलं भारताचं मूळ प्रमाणपत्र विश्वासार्ह यादीत टाका आणि पुन्हा पडताळा. हिरवी खूण येते. अर्जात मोबाइल क्रमांक स्वतःचाच टाका. पोचपावतीवरचा अर्ज क्रमांक लिहून ठेवा. आणि मुदत उलटली किंवा अर्ज नाकारला गेला तर 30 दिवसांच्या आत पोर्टलवरूनच प्रथम अपील करा.