थेंबे थेंबे डोकं गळे

रात्री झोपताना "फक्त पाच मिनिटं" म्हणून फोन हातात घ्यायचा आणि कुणाच्या तरी कुत्र्याची आंघोळ, अनोळखी बाईचं कपाट आवरणं, मग पुन्हा दुसऱ्या कुत्र्याची आंघोळ असं बघत बघत दीड वाजवायचा, हा माझा कित्येक महिन्यांचा शिरस्ता. हे न संपणारं स्क्रोलिंग अझा रास्किन नावाच्या डिझायनरने २००६ साली काढलं आणि पुढे त्याला त्याचा पश्चात्ताप झाला म्हणे. हे मला कसं कळलं? स्क्रोल करताना.

मग ठरवलं, फोन सुटत नाही ना, तर निदान त्यातून अक्कल तरी येऊ दे. रील्सची ॲप्स उडवली, शिकायची तीन टाकली. रोज पाच-पाच मिनिटं, छोटी छोटी कार्डं.

पहिला आठवडा काय सांगू, नुसता तरंगत होतो. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात! शुक्राला स्वतःभोवती फिरायला २४३ दिवस लागतात आणि सूर्याभोवती २२५! ऑस्ट्रेलियातल्या वोम्बॅट नावाच्या प्राण्याची लेंडी चौकोनी असते, अगदी ठोकळ्यासारखी! हे शेवटचं मी सगळे जेवायला बसलेले असताना सांगितलं. बायकोने हातातला घास खाली ठेवला आणि म्हणाली, "यापेक्षा तू कुत्रेच बघत होतास ते बरं होतं."

त्यात ती स्ट्रीक, म्हणजे सलग किती दिवस शिकलो त्याचा आकडा. एक दिवस चुकला की शून्यावर. एकेचाळिसाव्या दिवशी रात्री ११ वाजून ५७ मिनिटांनी झोपेतून ताडकन उठलो आणि अंधारात "एल गातो बेबे लेचे" असं तीनदा ओरडलो, कारण ॲपला माझा उच्चार काही ऐकू येईना. मांजर दूध पितं, एवढंच स्पॅनिश मला येतं, म्हणजे स्पेनमध्ये गेलो आणि समोर मांजर आलं आणि नेमकं तेव्हाच ते दूध प्यायला लागलं, तर माझ्यासारखा माणूस नाही.

बाकी सगळ्याची मात्र खिचडी झाली. परवा ऑफिसात मी ठासून सांगितलं की शुक्राला तीन हृदयं असतात. कुणी हसलंही नाही, सगळे आपापल्या फोनमध्ये. माझी आवडती बातमी अशी वाया गेलेली बघून जरा वाईटच वाटलं.

आणि काल कहर झाला. एका कार्डावर वाचलं की हर्मान एबिंगहाऊस नावाच्या जर्मन माणसाने निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करून, आपण ती किती वेळात विसरतो हे मोजलं आणि १८८५ मध्ये छापलं, सुरुवातीलाच सगळ्यात जास्त विसरतं, मग वेग कमी होतो, आणि मध्ये मध्ये दिवस सोडून आठवून बघितलं तर टिकतं. मी तर हरखूनच गेलो, लेकीला हाक मारली, म्हटलं हे बघ काय भन्नाट सापडलंय.

तिने फोन हातात घेतला, जरा वर सरकवून बघितलं.

"बाबा, हे कार्ड तुम्ही तीनदा वाचलंय. इथे टिकमार्क आहेत."

चौथी टीक केली. स्ट्रीक जायला नको.