दात सोडून बाकी सगळ्याचा विचार करा

दात पांढरे करून घ्यायचं तुम्ही मनावर घेतलंत, हे फार चांगलं झालं. आता एकच पथ्य पाळा. या सगळ्या खटाटोपात दातांचा विचार मनात येऊ द्यायचा नाही. दातांचा विचार करणारी माणसं शेवटी दोन वेळा ब्रश करायला लागतात, आणि दोन वेळा ब्रश केलेल्या माणसाचा फोटो कुणी मोठा करून पाहत नाही.

सुरुवात घरच्या बेसिनपासून करू. पांढऱ्याफेक बेसिनवर वाका, आरशात बघून दात विचका, आणि रंग जुळतोय का ते तपासा. जुळणार नाहीच. दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, अर्धपारदर्शक असतं आणि त्याच्या आतलं डेंटीन मुळातच पिवळसर. थोडक्यात, धडधाकट दातही जरासा पिवळाच दिसणार, अशीच त्याची घडण आहे. त्यातून वय वाढलं की वरचं कवच झिजतं, आतलं डेंटीन जाड होतं आणि पिवळेपणा आणखी पुढे येतो. निसर्गाची ही घोडचूक इतकी वर्षं कुणी दुरुस्त केली नाही, कारण इतकी वर्षं बेसिन पांढरं नव्हतं.

डॉक्टरांकडे यासाठी बेसिनपेक्षा बरं साधन असतं. एका पट्टीवर १६ खोटे दात ओळीने बसवलेले. ए, बी, सी, डी अशी चार घराणी: ए तांबूस-तपकिरी, बी तांबूस-पिवळं, सी करडं, डी तांबूस-करडं. उजळपणाच्या क्रमाने लावलं तर बी-१ पहिला आणि सी-४ शेवटचा. डॉक्टर तुमच्या दाताशेजारी एकेक नमुना धरतात आणि पुटपुटतात, "ए-थ्री... अंहं, ए-थ्री पॉइंट फाइव्ह." अर्धा गुण वाढल्यावर खालच्या नंबरावर ढकलणारी ही जगातली बहुधा एकमेव परीक्षा. तरी बी-१ वर समाधान मानू नका. ब्लीच केलेल्या दातांसाठी त्याच्याही पलीकडच्या, निसर्गाने कधी न बनवलेल्या छटांच्या पट्ट्या निघाल्या आहेत. तिथपर्यंत पोचायचं. पोचल्यावर हसताना फक्त दात दिसतात, माणूस दिसत नाही, आणि पुष्कळांच्या बाबतीत ते बरंच असतं.

आता मुख्य प्रश्न: क्लिनिकमध्ये करायचं की घरी? रसायन दोन्हीकडे एकच, हायड्रोजन पेरॉक्साइड. ते दातात झिरपतं आणि आतल्या रंगीत रेणूंची मोडतोड करतं. क्लिनिकमध्ये साधारण २५ ते ४० टक्क्यांचं वापरतात. घरच्या ट्रेसाठी, म्हणजे दातांवर चढवायच्या साच्यासाठी, डॉक्टर बहुतेकदा १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल देतात, त्यातून जेमतेम साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड निघतं. साडेतीन कुठे आणि चाळीस कुठे! शहाण्या माणसाला आणखी काय सांगायला हवं? मी स्वतः शहाणा असल्यामुळे क्लिनिकमध्ये गेलो.

तिथला थाट सांगतो. आधी प्लॅस्टिकचा एक चिमटा ओठांच्या आत बसवतात. त्याने दोन्ही गाल कानांच्या दिशेला ताणले जातात आणि तुम्ही न हसता कायमचे हसरे होता. मग हिरड्यांच्या कडेकडेने एक रंगीत चिकट पदार्थ पिचकारीतून सोडतात आणि दिवा दाखवून तो कडक करतात, कारण खाली येणारं जेल हिरडीला लागलं तर ती पांढरी पडून चुरचुरते. मग दातांवर जेल. मग डोळ्यांवर नारिंगी चष्मा. मग निळा दिवा. पंधरा मिनिटं झाली की जेल पुसायचं, नवं लावायचं, पुन्हा पंधरा मिनिटं, पुन्हा तेच. या पाऊण तासात तुम्हाला बोलता येत नाही, गिळता येत नाही, आणि नेमक्या याच वेळी डॉक्टर विचारतात, "काय करता तुम्ही?" मी "आआ आं" असं म्हणालो. "अरे वा," ते म्हणाले, "छान क्षेत्र आहे."

त्या दिव्याबद्दल दोन शब्द. दिवा लावून आणि दिवा न लावता केलेल्या ब्लीचिंगची तुलना संशोधकांनी पुष्कळदा केली आहे, आणि टिकणाऱ्या रंगात दिव्यामुळे फारसा फरक पडल्याचं सहसा दिसत नाही. पण म्हणून दिवा नको म्हणायचं का? मुळीच नाही. काळोखात पाऊण तास आ वासून पडून राहायचे पैसे कोण देईल? दिवा हा दातांसाठी नसतोच, तो बिलासाठी असतो. घरच्या किटमध्येसुद्धा छोटासा निळा दिवा येतो, तो याच उदात्त परंपरेतला.

शेवटी डॉक्टर ती खोट्या दातांची पट्टी पुन्हा तोंडाशी धरतात आणि आरसा देतात. काय सांगू, मला गहिवरून आलं. सहा घरं वर! त्याच क्षणी फोटो काढून घ्या, अजिबात वेळ घालवू नका. पाऊण तास उघडे राहून दात सुकलेले असतात, आणि सुकलेला दात खडूसारखा पांढरा दिसतो. पुढच्या काही दिवसांत दातात पाणी परत मुरतं आणि सहातली एकदोन घरं गुपचूप खाली उतरतात. म्हणून समारंभ त्याच संध्याकाळी ठेवावा. जमलं तर पार्किंगमध्येच.

रात्रीचा कार्यक्रम मात्र पॅकेजमध्ये छापलेला नसतो. पेरॉक्साइड काही मिनिटांतच दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचतं, आणि नस ही सगळ्यांची आवडती गोष्ट नाही. मी अंथरुणावर पडलो होतो. वरच्या समोरच्या दातातून अचानक एक कळ अशी सणकन गेली की मी उठून बसलो. पाच मिनिटं शांतता. मग शेजारच्या दातातून. मग खालच्या. पाळीपाळीने, कुणालाही न वगळता. पाणी प्यायलो तर थंड, न प्यायलो तर श्वास थंड. एकदोन दिवसांत हे बहुतेकांचं थांबतं, माझंही थांबलं, आणि पोटॅशियम नायट्रेटची टूथपेस्ट आधीपासून वापरली असती तर कमी झालं असतं असं डॉक्टर म्हणाले. पण मग पहाटे तीनला उठून आरशात दात बघण्याचा आनंद हुकला असता.

आता घरच्या ट्रेची बाजू, न्यायाची बूज राखायची म्हणून. या उपायाचा जन्मच मुळी संशयास्पद आहे. १९६८ च्या सुमाराला अमेरिकेत, आर्कान्सा राज्यात, बिल क्लुस्मायर नावाचे दात सरळ करणारे एक डॉक्टर होते. हिरड्या बऱ्या व्हाव्यात म्हणून ते रुग्णांना दातांवरच्या साच्यात एक जंतुनाशक घालायला सांगत. हिरड्या बऱ्या झाल्याच, वर दातही उजळले. पुढे १९८९ मध्ये हेवूड आणि हेमन या दोघांनी ही रात्रीच्या ट्रेची पद्धत रीतसर प्रसिद्ध केली. म्हणजे ज्याला दात पांढरे करायचेच नव्हते, अशा माणसाच्या हातून लागलेला हा शोध. यावर विश्वास कसा ठेवायचा?

पद्धत तर इतकी नीरस आहे की लिहितानाही जांभई येते. डॉक्टर तुमच्या दातांचं माप घेतात, त्यावरून पातळ पारदर्शक ट्रे बनवून देतात. रात्री प्रत्येक दाताच्या घरात तांदळाच्या दाण्याएवढं जेल घालायचं, ट्रे चढवायचा, बाहेर आलेलं जेल पुसायचं, झोपायचं. सकाळी काढून धुवायचा. असं साधारण दोन आठवडे. दिवा नाही, चष्मा नाही, कुणी व्यवसाय विचारत नाही. दात शिवशिवले तर एक रात्र सुट्टी घ्यायची. आणि मग रंग जवळपास तिथेच येऊन थांबतो जिथे क्लिनिकवाल्यांचा थांबतो! सांगा, यात माणसाचं कर्तृत्व काय राहिलं?

तेव्हा घरीच करायचं असेल तर निदान जिद्दीने करा. डॉक्टर टाळून परस्पर किट मागवा, ज्यावर टक्केवारी छापलेलीच नाही असं. दाण्याऐवजी ट्रे काठोकाठ भरा. वेळ दुप्पट करा. युरोपियन युनियनने २०११ मध्ये नियम केला की दात उजळवण्याच्या उत्पादनात ६ टक्क्यांहून जास्त हायड्रोजन पेरॉक्साइड चालणार नाही, आणि ०.१ ते ६ टक्क्यांपर्यंतचंही आधी दंतवैद्याच्या हातून, तेही १८ वर्षांखालच्यांना नाही. असले नियम करणाऱ्यांनी आयुष्यात कधी मोकळेपणाने हसून पाहिलं नसावं.

स्ट्रिपांबद्दल, म्हणजे जेल लावलेल्या चिकट पट्ट्यांबद्दल, थोडक्यात. त्या समोरच्या सहा-आठ दातांना चिकटतात, दोन दातांमधल्या खाचांत नीट पोचत नाहीत, आणि बोलताना जिभेवर येतात. मागचे दात जसेच्या तसे राहतात. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, ही म्हण आजवर हत्तीची होती. ती आता एका पाकिटात मिळते. बरं, सौम्य आहेत आणि सूचना वाचून लावल्या तर काम करतात, त्यामुळे आपल्या उपयोगाच्या नाहीत.

खरा मोकळेपणा स्वयंपाकघरात आहे. लिंबू घ्या. लिंबाच्या रसाचा पीएच (आम्लाचं माप, आकडा जितका लहान तितकं आम्ल जास्त) दोनच्या आसपास असतो आणि इनॅमल साधारण साडेपाचच्या खाली विरघळू लागतं. दोन आणि साडेपाच यांत साडेतीनचाच फरक वाटतो, पण हे माप प्रत्येक पायरीला दहापट होतं, म्हणजे आम्ल तीन हजारपट झालं. असं लिंबू रोज चोळा, वर खसाखसा ब्रश मारा. पहिल्या दिवशी दात चमकतील, कारण वरचा थर गेला. महिनाभर चिकाटी ठेवा. इनॅमलमध्ये जिवंत पेशी नसतात, ते गेलं की पुन्हा उगवत नाही, आणि पातळ कवचाखालून ते डेंटीन, ते पिवळं, जास्तच स्पष्ट दिसायला लागतं. लिंबू माणसाला शेवटी कुठला रंग देणार, हे त्याच्याकडे एकदा नीट बघितलं असतं तर कळलं असतं. आपल्या भाषेने "दात आंबले" हा शब्दप्रयोग घडवून केव्हाच तक्रार नोंदवली होती, पण भाषेचं कोण ऐकतं?

कोळशाची पूड त्याहून नाट्यमय. आधी तोंड काळंकुट्ट होतं, मग चूळ भरल्यावर आधीच्या मानाने पांढरं वाटतं. फिलिंगच्या कडेला काळी रेघ राहिली तर तिला काजळ समजावं. आणि "तात्काळ शुभ्र" करणाऱ्या काही टूथपेस्टमध्ये निळा रंग असतो. पांढऱ्या कपड्यांना नीळ देतात तेच तत्त्व. पुढच्या चहापर्यंत तुम्ही इस्त्रीचे.

आता तो सल्ला, जो ऐकून डॉक्टरमंडळी नाराज होतील: आधी तपासणी करून घेऊ नका. त्यात फार धोका असतो. कदाचित निघेल की तुमच्या दातांवर नुसतं कीटण आणि चहा-तंबाखूचे डाग आहेत आणि एका स्केलिंगमध्ये, म्हणजे ते खरवडून काढण्यात, काम भागतंय. मग चाळीस टक्क्यांचं काय करायचं? कदाचित एकच दात काळपट निघेल, लहानपणी आपटून आतली नस मेलेला. त्याला रूट कॅनॉल करून आतून उजळवावं लागतं, बाहेरून कितीही जेल थापा. कदाचित किडीचं एखादं भोक निघेल, ज्यातून जेल थेट नसेला भेटायला जातं. आणि कदाचित डॉक्टर विचारतील, "समोर कॅप आहे का?"

मला त्यांनी विचारलं होतं. मी घाईत होतो, "असेल एखादी" म्हणालो. कॅप, फिलिंग, व्हिनियर (दातावर चिकटवलेला पातळ पापुद्रा) यांच्यावर पेरॉक्साइडचा काही परिणाम होत नाही; ते ज्या रंगाचे बसवले त्याच रंगाचे राहतात. माझी वरची समोरची डावी कॅप आठ वर्षांपूर्वी शेजारच्या दाताशी अगदी जुळवून केलेली होती, ए-थ्री पॉइंट फाइव्ह. आता तिच्या दोन्ही बाजूंना नवी पांढरी वसाहत उठली आहे आणि मधोमध ती, जुन्या वाड्यासारखी. आधी लोक माझ्या दातांकडे बघत नव्हते. आता बोलताना सगळ्यांची नजर त्याच एका दातावर येऊन बसते.

पुन्हा गेलो. म्हटलं, आत्ताच्या आत्ता कॅप बदला. डॉक्टरांनी पट्टी काढली, एक खोटा दात लावून पाहिला, दुसरा लावला, आणि पट्टी परत डब्यात ठेवली.

"रंग अजून बसायचाय," ते म्हणाले. "तो स्थिरावला की त्याला जुळवून करू. दोन आठवडे थांबा."

"दोन आठवडे?"

"ट्रेचा कोर्स केला असतात तरी साधारण तेवढेच लागले असते," ते म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. मी तोंड मिटून बाहेर आलो.