राष्ट्रपती भवनाच्या ३४० खोल्या आणि तो फॉरवर्ड

आमच्या प्रतापनगरच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय. "एका माणसासाठी ३४० खोल्या, राष्ट्रपती आजही व्हाइसरॉयच्याच बेडरूममधे झोपतात, सगळं इंग्रजांचं, आपलं त्यात काहीच नाही, अन् सामान्य माणसाला आत पाय ठेवता येत नाही." पटापट अंगठे पण आले त्याला, म्हणून लिहितोय.

खोल्या ३४० आहेत, बरोबर. पण राजेहो, त्यात ऑफिसं आली, समारंभाचे हॉल आले, लायब्ररी, किचन, पाहुण्यांच्या खोल्या, सगळंच आलं. राष्ट्रपतींचं घर म्हणजे त्यातली फक्त एक विंग.

बेडरूमचं तर पार उलटं आहे. १९४८ मधे राजाजी, म्हणजे सी. राजगोपालाचारी, गव्हर्नर जनरल म्हणून तिथे राहायला आले, व्हाइसरॉयच्या खोल्यांचा तो थाट त्यांना काही पटला नाही, अन् ते सरळ लहान खोल्यांमधे राहायला गेले. पुढे राष्ट्रपतीही त्याच बाजूला राहत आले आणि व्हाइसरॉयच्या खोल्यांचं गेस्ट विंग झालं, परदेशचे राष्ट्रप्रमुख आले की तिथे उतरतात.

"आपलं काहीच नाही" हे वाचून मात्र खरंच राग आला. नकाशा लट्यन्स या इंग्रज वास्तुविशारदाचा, मान्य. पण मुख्य इमारत उभी केली हारून अल रशीद या ठेकेदाराने, पुढचं अंगण सुजान सिंग आणि शोभा सिंग या बापलेकांनी, अन् दगड फोडणारे, विटा वाहणारे हात कोणाचे होते भाऊ? घुमटाचा फोटो झूम करून पहा, त्याच्याभोवती दगडी कठडा आहे, थेट सांचीच्या स्तूपासारखा. दीक्षाभूमीचा स्तूप पाहत मोठ्या झालेल्या नागपूरकराला तो ओळखू येणार नाही? याच घुमटाखालच्या दरबार हॉलमधे १५ ऑगस्ट १९४७ ला नेहरूंच्या मंत्रिमंडळाने शपथ घेतली. २०२४ पासून त्याचं नाव गणतंत्र मंडप आहे.

राहिला प्रवेश. बाग लोकांसाठी खुली केली ती राजेंद्रप्रसादांनी. तेव्हाचं मुघल गार्डन, २०२३ पासून अमृत उद्यान, तिकीट लागत नाही. मुख्य इमारतही ऑनलाइन बुकिंग करून बघता येते.

एवढ्या मोठ्या वास्तूवर खर्च किती व्हावा, हा प्रश्न जरूर विचारा, मीही विचारतो, पण खरी माहिती घेऊन विचारा. आणि फेब्रुवारीत दिल्लीला जाणार असाल तर रेल्वेचं रिझर्वेशन करतानाच राष्ट्रपती भवनाच्या साइटवर स्लॉट पण घेऊन टाका, ओळखपत्र तेवढं सोबत ठेवा.