तापवलेली कुपी, दोन तारा आणि दम्याचं निदान: त्या मेसेजबद्दल

इंदुरात रामबागेतल्या ग्रुपांवर फिरणारा मेसेज आमच्या काकूंपर्यंत पोचला आणि ‘मग दम्याचा पंप बंद करू का?’ असं त्यांनी विचारलं, म्हणून हे लिहितोय. मेसेज म्हणतो: रुबिडियम या धातूची काचेची कुपी 60 अंशांवर तापवली की अणू ‘फुगतात’, दोन तारा आणि मल्टीमीटर लावून ते मोजता येतात, आत फुंकर मारली की दमा कळतो. वर कॅटचं (इंदुरातल्या लेसर-संशोधन केंद्राचं) नाव चिकटवलंय. शोधनिबंध कुठला, त्याचा पत्ता नाही.

काकू, पंप चालू ठेवा.

फुंकरीचा मुद्दा तर शुद्ध वेडेपणा. रुबिडियम हवा आणि बाष्प लागताच पेट घेतं, म्हणून तर कुपी निर्वात करून सीलबंद करतात. त्यात श्वास शिरला की निदान राहिलं बाजूला, कुपीच खलास. अर्धसत्य एवढंच, की दम्यात श्वासातलं नायट्रिक ऑक्साइड वाढू शकतं आणि जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या संशोधक गटाने 2018 मध्ये त्याचे रेणू लेसरने उत्तेजित करून विद्युतप्रवाहावरून ओळखून दाखवले. पण त्यात रुबिडियम नाही, आणि तो प्रयोगशाळेतला पहिला पुरावा आहे, घरगुती यंत्र नव्हे.

तापवून अणू फुगतात म्हणे! अणू फुगतो तो त्याचा बाहेरचा इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर गेला की; पन्नासाव्या पातळीपर्यंत जायला सुमारे 4.17 इलेक्ट्रॉन-व्होल्ट (ऊर्जेचं एकक) लागतात. 60 अंशांची उष्णता 0.03 सुद्धा देत नाही. हिशेब केला तर 1 वर साधारण 60 शून्यं इतक्या अणूंत एखादा वर सापडेल, आणि अख्ख्या पृथ्वीत अणू आहेत 1 वर 50 शून्यं. उष्णतेने फक्त वाफ दाट होते. अणू वर चढवतात ते लेसर: 780 नॅनोमीटरचा लाल आणि 480चा निळा.

विजेने मोजता येतात, हे मात्र खरं. स्टुटगार्टच्या त्याच गटाचा 2013चा ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या नियतकालिकातला निबंध बघा: उत्तेजित अणू टकरांत आयनित होतात (इलेक्ट्रॉन गमावतात) आणि कुपीतले इलेक्ट्रोड तो प्रवाह गोळा करतात. पण प्रवाह नॅनोअँपच्या घरातला, आणि साध्या मल्टीमीटरचा शेवटचा अंकच 100 नॅनोअँपचा. 1 गिगाओमचा ट्रान्सइम्पिडन्स अ‍ॅम्प्लिफायर (प्रवाहाचं व्होल्टेज करणारं सर्किट) लावा, 1 नॅनोअँपला 1 व्होल्ट मिळतो.

तरी आकडा म्हणजे अणूंची संख्या नव्हे. इलेक्ट्रोडवर रुबिडियमचा थर बसतो, आणि निळ्या प्रकाशाचा 2.6 इलेक्ट्रॉन-व्होल्टचा फोटॉन (प्रकाशकण) त्यातून थेट इलेक्ट्रॉन उडवतो. लेसर अणूंना लागणाऱ्या नेमक्या तरंगलांबीवर नसला तरी प्रवाह दिसतो! निळा लेसर चॉप केलात (ठरावीक तालावर चालू-बंद केलात) तर ही खोटी पार्श्वभूमीही त्याच तालावर येते. म्हणून लाल चॉप करा, लॉक-इन (त्या तालाचाच सिग्नल मोजणारं यंत्र) त्याच्याशी जुळवा: लाल फोटॉनची 1.6ची ताकद त्या थराला पुरत नाही. तारांच्या मधल्या काचेवर थर जमला तर विजेची गळती वेगळीच. काच रुबिडियमच्या साठ्यापेक्षा थोडी गरम ठेवावी लागते.