कुठला तोळा?

आज सकाळी घरच्या ग्रुपवर भाच्यानं टाकलं, "नेपाळात सोनं आपल्या जवळजवळ दुप्पट भावानं जातंय. इथनं न्यायचं, तिथं विकायचं. आहे का कुणी पार्टनर?" खाली नऊ अंगठे. नऊ! त्यातले सहा जण गलाईवाल्यांच्याच, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्यांच्याच घरातले.

अरे, विट्यात जन्मलास ना तू? खानापूर-आटपाडीची माणसं पोटासाठी कुठं कुठं जाऊन भट्टीपुढं बसली. तुझे आजोबा, आमचे आबा, सोळा वर्षं बीरगंजला होते. सीमेच्या अलीकडं आपलं रक्सौल, पलीकडं नेपाळचं बीरगंज. कुणी नुसता भाव सांगितला की आबा विचारायचे, "कुठला तोळा?"

आपला सराफ तोळा म्हणतो तेव्हा 10 ग्रॅम देतो. नेपाळात तोळा अजून जुनाच, 11.66 ग्रॅमचा. वर पैसा वेगळा. आपला 1 रुपया म्हणजे त्यांचे 1.60, 1993 पासून तोच दर. म्हणजे दोन्हीकडं सोनं अगदी एकाच किमतीला असलं तरी त्यांचा आकडा आपल्या 1.87 पट दिसणार. झालं तुझं दुप्पट! इंजिनिअर आहेस म्हणे.

खरा फरक पडतो तो आयात शुल्कानं. दोघांकडंही जवळजवळ सगळं सोनं बाहेरूनच येतं. जुलै 2024 च्या बजेटात आपल्याकडं 15 टक्क्यांचे 6 झाले, तेव्हा नेपाळात 20 होते. बाहेरनं आलेलं 100 रुपयांचं सोनं इथं 106, तिथं 120. आधी चोरटं सोनं तिकडनं इकडं यायचं, ते उलटं फिरलं. उसात एक दारं मोडलं की पाणी दुसऱ्या सरीत घुसतं, तसंच. त्याच वर्षी नेपाळलाही शुल्क 10 वर आणावं लागलं.

शुल्क नकोच, असं मी म्हणत नाही. सोन्यापायी डॉलर जातात, मान्य. पण त्या फरकावर गब्बर होणारा कधी नाक्यावर दिसत नाही. दिसतो तो आबांसारखा.

दिवाळीला घरी येताना अडवलं होतं त्यांना. अंगावर सोनं म्हणाल तर लग्नातली अंगठी, तेवढीच. पण बोटं काळी, पिशवीत सोनं वितळवायची मूस. गलाईवाला, एवढंच पुरे झालं. रात्रभर बाकड्यावर बसवलं, चपलेचा तळ उचकटून बघितला. सकाळी "जा" म्हणाले. अंगठी परत मिळाली, पण आबांनी ती पुन्हा बोटात घातली नाही. आई विचारायची, तर म्हणायचे, "बोट जाड झालंय." जाड कुठलं, हाडं राहिली होती नुसती.

आणि तू पार्टनर शोधतोस.

असो. रागाच्या भरात टाईप करायला बसले होते, पण अंगठीपर्यंत आले आणि हात थांबला. तुझी तरी काय चूक, तुला ही गोष्ट आम्ही कधी सांगितलीच नाही. आबांनाही ती निघालेली आवडायची नाही.

आत्ता त्याचा फोन येऊन गेला. "आत्या, काढला मेसेज. ती अंगठी कुठंय गं?" माझ्या कपाटात आहे म्हटलं, ये दिवाळीला, दाखवते.

मेसेज गेला तसे अंगठेही गेले म्हणा, पण ते नऊ जण माझ्या लक्षात आहेत.