अण्णांचा पाट

गेल्या रविवारी आमच्या कॉलनीतल्या मराठी वाचनालयाच्या सभेत, जिरावण मसाला भुरभुरलेले पोहे हातात येण्याआधीच, माझ्यावर पंक्तिप्रपंचाचा आरोप झाला. पुस्तकांच्या देवघेवीसाठी मी फावल्या वेळात एक मुक्तस्रोत, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेली, प्रणाली लिहितो. तिच्या रीडमीच्या, म्हणजे सोबतच्या माहितीपत्रकाच्या, पहिल्याच ओळीत नमूद आहे की, संध्याकाळी टेबलावर बसून, जुन्या संगणकावर, इंटरनेटवाचून काम उरकणाऱ्या स्वयंसेवकासाठी ती आहे. त्या एका वाक्यामुळे सगळ्या नोंदी इंटरनेटवरच्या क्लाउडऐवजी संगणकातच, एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या एका फाइलीत राहतात आणि नव्या सोयींची निम्मी भांडणे सुरू होण्याआधीच मिटतात.

बँकेतून निवृत्त झालेल्या अण्णांनी त्या रीडमीची रंगीत प्रत काढून, लाल शाईने अधोरेखित करून आणली होती.

“भिया, यात आजीव सभासद कुठे आहे?”

प्रणाली उघडताच आजीव सभासदांना छायाचित्रासह वाढदिवसाच्या शुभेच्छा मिळाव्यात, अशी त्यांची मागणी होती. ते पुस्तक नेणारे आहेत, नोंद करणारे नव्हेत, असे मी नम्रपणे सांगताच त्यांनी दुसरा कागद काढला. मुक्तस्रोताच्या व्याख्येतले पाचवे कलम त्यांनी खड्या आवाजात वाचले: कोणत्याही व्यक्तीशी वा गटाशी भेदभाव नको. कलम खरे आहे, पण ते परवान्याला लागू आहे. वापरायला कोणालाही मज्जाव नसावा एवढाच त्याचा अर्थ, प्रत्येकाच्या मनाजोगते बटण द्यावे असे त्यात कुठेही नाही.

“मज्जाव नाही, पण पाटही मांडलेला नाही,” अण्णा म्हणाले, आणि सभेने मान डोलावली.

लिनक्सचे जनक टॉरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये गिट हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे साधन लिहिले ते लिनक्स कर्नलच्या, म्हणजे त्या कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या, विकसकांसाठी; गिटच्या आज्ञांपुढे इतरेजन अजून चाचपडतात, पण गिट कोणाच्या वाढदिवसाला शुभेच्छा देत नाही म्हणून टॉरवाल्ड्स यांना कोणी सभेत उभे केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. लिनक्सच्या पडद्यावर खिडक्या-बटणे मांडणाऱ्या ग्नोमच्या आवृत्ती 3 ने 2011 मध्ये खिडकी खाली घेण्याचे बटण लपवले, तेव्हा रुसलेल्यांनी निदान ग्नोम 2 चाच कोड उचलून ‘माते’ नावाची वेगळी मांडणी उभी केली. येथे मात्र रात्री जागून कोड मी लिहायचा, दमडी घ्यायची नाही, आणि वर जाबही मीच द्यायचा! कोड खुला आहे, वाटल्यास वेगळी चूल मांडा, असे मी शेवटी चिडून म्हणालो.

इतिवृत्तात नोंद झाली की एका सभासदाने संस्थेत फूट पाडण्याची धमकी दिली. सूचक अण्णा, अनुमोदक अण्णांचे व्याही.