सिम बदललं, कंपनी तिथेच

शेजारच्या काकूंच्या फोनवर आज सकाळी चार गेम उगवले. काकूंनी घेतले नव्हते, नातवानेही नाही. फोन मुलाने न्यू जर्सीहून आणलेला, तिथल्या एका मोबाइल कंपनीकडून हप्त्यांवर घेतलेला. हप्ते फिटले, दुसऱ्या कंपनीचं सिम चालू न देणारं लॉक निघालं, आत इथलं सिम आहे. पण सिस्टम अजून त्या कंपनीचीच! मोठं अपडेट आलं की तिच्यातला इन्स्टॉलर जागा होतो आणि जाहिरातदारांची ॲप्स फोनमध्ये ओततो. प्ले स्टोअरला विचारायची त्याला गरजच नसते.

सेटिंग्जमधल्या ॲप्समध्ये तो गेम उघडा, अगदी तळाशी 'ॲप तपशील' बघा. तिथे प्ले स्टोअरचं नाव नसेल तर गेम मागच्या दाराने आलाय. 'अनोळखी ॲप्स इन्स्टॉल करणं' बंद करून काही होत नाही, ती परवानगी तुमच्या-माझ्यासाठी असते. सिस्टम ॲपला तो अधिकार जन्मजात. नुसते गेम काढलेत तर पुढच्या अपडेटला पुन्हा हजर. म्हणून सिस्टम ॲप्सची यादी उघडा, इन्स्टॉलर शोधा, आधी फोर्स स्टॉप, मग डेटा क्लिअर, मग डिसेबल. ते बटण दबत नसेल तर फोनच्या डेव्हलपर सेटिंग्जमधलं यूएसबी डीबगिंग चालू करून लॅपटॉपवरून एडीबीने (केबलवरून फोनला आज्ञा देणाऱ्या अँड्रॉइडच्या साधनाने) काढा. आणि नंतर फॅक्टरी रीसेट केलंत तर तो परत येणार.

संताप याचा की सुरक्षिततेचे धडे हीच जमात देत होती. २०१० साली एटी अँड टी या अमेरिकी मोबाइल कंपनीने मोटोरोला बॅकफ्लिप, एचटीसी एरिया यांसारख्या फोनमधून 'अनोळखी स्रोत' हा अधिकृत स्टोअरबाहेरून ॲप टाकू देणारा पर्यायच उडवला होता. मार्च २०११मध्ये ॲमेझॉनचं ॲपस्टोअर आलं आणि यांचे गिऱ्हाईक बाहेरच! मे महिन्यात कंपनी नमली. केबल लावून एडीबीने ॲप टाकता यायचंच, पण ते काय काकूंनी करायचं?

क्रेडिट कार्ड नसलेल्याला मोबाइलच्या बिलावर ॲप घेता येतं, तेवढी सोय या कंपन्यांमुळे झाली. बरं, मान्य.

काकू बिचाऱ्या म्हणत होत्या, "माझंच बोट लागलं असेल कुठेतरी." नाही हो काकू, तुमचं बोट नाही.

तिकडून आईवडिलांना फोन पाठवणाऱ्यांनो, 'अनलॉक केलेला' पाठवू नका. थेट उत्पादकाकडून, मुळातच अनलॉक असलेलं मॉडेल घ्या. आणि फोन सुरू करताना कंपनीचा लोगो झळकला, तर सिस्टम तिचीच आहे असं समजा.